विमानतळ ठेक्याने द्या, पण आधी पान २७ भरा

नगरपरिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

आपल्या विमानतळाचे कामकाज ठेकेदाराकडे सोपवण्याच्या निविदेचा मसुदा आपण हरकती-सूचनांसाठी खुला केलात, त्याबद्दल आधी आभार. बहुतेक ठिकाणी असे कागद करार झाल्यावरच लोकांच्या हाती पडतात. मी मसुदा दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना हातात पेन्सिल होती.

माझी ओळख एवढीच की आयुष्यातली तेवीस वर्षे मी लहान विमानतळांवर काढली. त्यातली चौदा वर्षे मालकाच्या पगारावर, नऊ ठेकेदाराच्या. म्हणजे या टेबलाच्या दोन्ही बाजूंना मी बसलेलो आहे आणि ठेकेदाराच्या बाजूची खुर्ची मऊ असते, हेही मला ठाऊक आहे.

मसुद्याच्या पान २७ वर एक ओळ आहे. ‘नगरपरिषदेचा प्रतिनिधी’ असे लिहून पुढे रिकामी रेघ, आणि कंसात ‘नंतर कळवण्यात येईल’. बाकीच्या साठ पानांत ठेकेदाराने काय काय करायचे हे तपशिलाने लिहिले आहे. ते झाले की नाही हे बघणार कोण, ते या रेघेवर यायला हवे होते. माझे सगळे पत्र या एका रेघेबद्दल आहे असे समजा.

गैरसमज नको म्हणून सांगतो, ठेकेदार नेमायला माझा विरोध नाही. नगरपरिषदेला पाणी, गटारे, रस्ते, दिवे, शाळा सांभाळायच्या असतात. विमानतळ हे त्यातले शेवटचे अपत्य. मालकच चालवतो अशा एका विमानतळावर मी धावपट्टीच्या कडेच्या दिव्यांचे बल्ब चार बैठका होईपर्यंत अडकून पडलेले पाहिले आहेत. चांगला ठेकेदार असे बल्ब सकाळी मागवून संध्याकाळी बसवतो. चार-पाच विमानतळ चालवणाऱ्या संस्थेकडे प्रशिक्षित माणसे असतात, सुटे भाग असतात, एक माणूस आजारी पडला तर दुसरा येतो. हे सगळे आपल्याला घरच्या घरी जमणार नाही. तेव्हा द्यावा की न द्यावा यावर मी वेळ घालवत नाही.

प्रश्न असा की आपण विकत काय घेतो आहोत. पूल बांधायला दिला तर पूल दिसतो. शाळेला रंग द्यायला दिला तर रंग दिसतो. विमानतळ चालवण्याच्या कामात चांगला दिवस म्हणजे ज्या दिवशी काहीही घडले नाही तो. आणि ज्या दिवशी कुणी काहीच केले नाही, पण नशिबाने काही घडलेही नाही, तो दिवसही कागदावर हुबेहूब तसाच दिसतो. या दोन दिवसांतला फरक ओळखणे हे पान २७ वरच्या माणसाचे काम.

सकाळच्या पाहणीचे उदाहरण घ्या. पहिले विमान यायच्या आधी कुणीतरी धावपट्टीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश जायचे असते. काय बघायचे? खडी, नट-बोल्ट, टायरचे तुकडे, मेलेला पक्षी. डांबराला नवी भेग पडली आहे का, पाणी कुठे साचते आहे, रंगवलेले पट्टे वरून दिसतील इतके स्पष्ट आहेत का, कडेचे दिवे गवतात बुडाले आहेत का. उतरणाऱ्या वैमानिकाला उताराचा कोन दाखवणारे चार दिवे असतात; दोन पांढरे आणि दोन लाल दिसले की तो योग्य वाटेवर आहे. ते दिवे जागेवरून जरा हलले तरी वैमानिकाला खोटे सांगू लागतात, आणि गवत कापणाऱ्या यंत्राचा धक्का त्यांना लागतोच. मग वाऱ्याची दिशा दाखवणारा कापडी मोजा, विंडसॉक. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या मानकांत त्याची लांबी किमान ३.६ मीटर आणि मोठ्या तोंडाचा व्यास किमान ०.९ मीटर सांगितला आहे, रंग ३०० मीटर उंचीवरून ओळखू यावा असा. आपला विंडसॉक उन्हाने इतका विटला आहे की त्याचा मूळ रंग कोणता, यावर जुन्या लोकांत वाद होईल.

ही पाहणी नीट करायला पाऊण तास लागतो. झाल्यावर नोंदवहीत एक ओळ लिहायची आणि सही करायची. ओळ लिहायला अर्धे मिनिट लागते. मधला वेळ कुठे जाऊ शकतो, हे आपल्या लक्षात आले असेलच.

ठेकेदाराकडे असताना एकदा महिनाअखेरीस मी नोंदवही चाळत होतो. एकतीस दिवस, एकतीस वेळा ‘सर्व ठीक’, सगळीकडे तेच पेन, तोच तिरका हात. त्यातल्या एका दिवशी विमानतळ सबंध बंद होता, फाटकाला कुलूप होते. त्याही दिवशी सर्व ठीक. मी हे वर कळवायला हवे होते. कळवले नाही, कारण त्याआधीच्या महिन्यातल्या पावसाळी सकाळच्या काही सह्या माझ्या होत्या, खिडकीतून धावपट्टीकडे बघून केलेल्या. आम्ही वाईट माणसे नव्हतो. तिघांच्या कामाला दोघे होतो, वरून कुणी विचारत नव्हते, आणि मालकाचा माणूस वर्षातून एकदा भाड्याचा हिशेब जुळवायला यायचा. तो नोंदवही उघडायचा नाही. चहा मात्र घ्यायचा.

पाहणी ही पुढे ढकलायला सगळ्यात सोपी गोष्ट असते, मोठ्या ठिकाणीसुद्धा. २५ जुलै २००० रोजी पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळावर काँकॉर्डच्या चाकाखाली धातूची एक पट्टी आली. पट्टी साधारण ४३ सेंटिमीटर लांब, काही मिनिटे आधी उडालेल्या दुसऱ्या विमानातून गळून पडलेली. टायर फुटला, त्याचा मोठा तुकडा पंखातल्या इंधनटाकीखाली आदळला, आग लागली, ११३ माणसे गेली. अधिकृत तपासात एक बारीकशी नोंद आहे: धावपट्टीची दुपारी तीनची पूर्ण पाहणी त्या दिवशी अग्निशमन दलाच्या सरावामुळे लांबली होती. प्रामाणिकपणे सांगायचे तर तीनच्या पाहणीत ती पट्टी सापडली नसतीच, ती तिथे नंतर पडली. मला ती नोंद वेगळ्या कारणाने आठवत राहते. एवढ्या मोठ्या विमानतळावर, एवढ्या मनुष्यबळात, दिवसाच्या कामांची ओढाताण झाली तेव्हा मागे सरकली ती पाहणी. कारण तिच्यावाचून त्या क्षणी कुणाचेच काही अडत नव्हते.

मसुद्यात याबद्दल एक वाक्य आहे: ‘ठेकेदार दैनंदिन पाहणी करेल व तिची नोंद ठेवेल.’ कोणाची नोंद, कुठे ठेवेल, मालकी कुणाची, काहीच नाही. करार संपल्यावर ठेकेदार आपला संगणक उचलून जाईल आणि त्याबरोबर विमानतळाची सगळी आठवण जाईल. कोणती भेग कधी भरली, कोणता दिवा तीनदा जळला, कुठल्या महिन्यात कोणते पक्षी येतात. नवा ठेकेदार पुन्हा पहिल्यापासून शिकेल आणि शिकण्याचा खर्च आपल्याकडूनच घेईल. तेव्हा नोंदवही नगरपरिषदेची, प्रत त्याच दिवशी नगरपरिषदेकडे, आणि पान २७ वरच्या माणसाने महिन्यातून दोनदा न सांगता येऊन स्वतः धावपट्टी चालायची व आपले टिपण ठेकेदाराच्या त्या दिवसाच्या ओळीशी ताडून बघायचे. यात अवघड काही नाही. पायात चांगले बूट लागतात.

आता अधिकाराचे बोलू, कारण इथे मसुदा मला खरोखर धोकादायक वाटतो. धावपट्टी बंद करायचा निर्णय कुणाचा? पाणी साचले, खड्डा पडला, कडेला खोदकाम चालू आहे, अशा वेळी धावपट्टी किंवा तिचा काही भाग बंद करून तशी सूचना, म्हणजे नोटॅम, वैमानिकांसाठी जारी करवून घ्यावी लागते. मसुद्यात हा अधिकार एकट्या ठेकेदाराला दिला आहे. पण धावपट्टी बंद झाली की उतरण्याचे शुल्क बुडते, इंधनविक्री बुडते, आणि ते उत्पन्न याच मसुद्याने ठेकेदाराला दिले आहे. म्हणजे बंद करण्याचा अधिकार ज्याच्याकडे, बंद केल्याचे नुकसानही त्याचेच. माणूस कितीही सरळ असला तरी तो आणखी अर्धा तास थांबून बघू म्हणणारच. मीही म्हणालो आहे. ठेकेदाराला बंद करता येऊ दे, पण ज्याच्या खिशाला झळ बसत नाही अशा आपल्या माणसालाही ते करता आले पाहिजे, आणि त्याने बंद केलेली धावपट्टी त्याच्या सहीशिवाय उघडता कामा नये.

कोणते काम कुणाचे हे धूसर राहिले की काय होते, याचे उदाहरण मिलानच्या लिनाते विमानतळाचे आहे. ८ ऑक्टोबर २००१ ची सकाळ, दाट धुके. एक छोटे सेसना जेट चुकीच्या वाटेने चालत धावपट्टीवर आले आणि उड्डाणासाठी धावणारे प्रवासी विमान त्याच्यावर आदळले. ११८ जण मेले. सेसनाच्या वैमानिकाने आपण कुठे आहोत हे सांगताना जमिनीवर रंगवलेल्या एका खुणेचे नाव घेतले होते. ती खूण नकाशावर नव्हती आणि नियंत्रकाला ती कुठे आहे हे माहीत नव्हते. जमिनीवरची हालचाल दाखवणारे रडार बंद होते. तपासात निघाले की आवश्यक खुणा, दिवे, फलक एक तर नव्हते किंवा वाईट अवस्थेत होते, आणि सुरक्षेचे व्यवस्थापन म्हणावे अशी चालती पद्धत तिथे नव्हती. एवढा मोठा विमानतळ, एकाहून अधिक यंत्रणा, आणि मधल्या जमिनीवर रंगवलेली एक अनाथ खूण.

आपल्या विमानतळावर अशा अनाथ गोष्टी पुष्कळ आहेत. कुंपण कुणाचे? कुंपणाबाहेरून आत वाकलेली झाडे कुणाची? मसुदा म्हणतो ‘देखभाल ठेकेदाराची, भांडवली कामे नगरपरिषदेची’. भेग भरणे ही देखभाल. भेग भरली नाही म्हणून खाली पाणी मुरून पाया मऊ झाला आणि वरचा थर नव्याने टाकावा लागला, हे भांडवली काम. म्हणजे ठेकेदाराने जे केले नाही त्याचे बिल आपल्याकडे येण्याची सोय आपणच लिहून ठेवली आहे. डांबर बरीच वर्षे हळूहळू म्हातारे होते आणि मग एकदम कोसळते, हे रस्त्याचे काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. करार संपायला तीन-चार वर्षे राहिली की ठेकेदाराच्या दृष्टीने भेगा भरण्यात काही हशील नसते. कोसळेल तेव्हा तो नसेल. त्यावर उपाय जुनाच आहे. सुरुवातीला त्रयस्थ अभियंत्याकडून धावपट्टीची मोजदाद करून घ्या, दर दोन वर्षांनी पुन्हा करा, आणि ठेकेदाराने कोणत्या अवस्थेत परत द्यायची ते आकड्यांत लिहा. बँक हमी त्या आकड्यांना बांधा. ‘सुस्थितीत’ या शब्दाला न्यायालयात काही अर्थ उरत नाही.

इंधनाकडे येतो. मसुद्यात इंधनविक्रीचा एकाधिकार ठेकेदाराला दिला आहे आणि इंधनाची गुणवत्ता तपासण्याचे कामही त्यालाच. विमानाच्या इंधनाची तपासणी म्हणजे काही प्रयोगशाळेचे गूढ नव्हे. टाकीच्या तळाशी पाणी बसते, म्हणून रोज तळातून थोडे काढून काचेच्या भांड्यात बघायचे. छोट्या पिस्टन विमानांचे शंभर ऑक्टेनचे इंधन निळे असते, जेटचे इंधन रंगहीन किंवा फिक्या गवती छटेचे. पिस्टन विमानात चुकून जेटचे इंधन गेले तर ते विमान उडतेही, इंजिन थोड्या वेळाने दगा देते. आणि तो थोडा वेळ नेमका उड्डाणानंतरचा असतो. म्हणूनच जेट इंधनाच्या नळीचे तोंड रुंद आणि चपटे ठेवण्याची पद्धत आहे, लहान विमानाच्या टाकीत ते जाऊच नये. अरुंद तोंड लावून काम भागवणारे मी पाहिले आहेत, कारण काही हेलिकॉप्टरांना रुंद तोंड बसत नाही आणि दर वेळी बदलायचा कंटाळा. विक्रेत्यानेच तपासायचे असेल तर निदान नमुन्याची बरणी दुसऱ्या कुणीतरी उजेडात धरून बघावी.

एकाधिकाराबद्दल इतरत्र काय ठरले आहे तेही पाहावे. अमेरिकेत अशा शहरांच्या मालकीच्या छोट्या विमानतळांची संख्या मोठी आहे आणि तिथे असले करार पिढ्यान्‌पिढ्या झाले. सरकारी पैसा लागलेल्या विमानतळावर कुणालाही असा अनन्य हक्क देऊ नये, हा नियम तिथे १९३८ च्या कायद्यापासून आहे. तिथल्या केंद्रीय अनुदानाच्या अटींत आणखी एक अट आहे, ती मला इथल्या प्रत्येक सदस्याला वाचून दाखवावीशी वाटते: विमानतळ चालवायला दुसऱ्या कुणाला दिला, तरी तो नियमांप्रमाणे चालेल आणि राखला जाईल हे बघण्याइतके हक्क आणि अधिकार मालकाने स्वतःकडे राखून ठेवलेच पाहिजेत. विमानतळाचे उत्पन्न विमानतळावरच खर्च व्हावे, अशीही तिथे अट आहे. त्याबद्दल आपल्या लेखा विभागाला काय वाटेल याची मला कल्पना आहे, म्हणून इथेच सोडतो.

मुदत तीस वर्षांची सुचवली आहे. तीस वर्षांत काय काय बदलते? धावपट्टीचे नावसुद्धा. धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय दिशेवरून ठरतो, आणि पृथ्वीचे चुंबकीय उत्तर सरकत राहते. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाला २००९ साली आपल्या ०५/२३ धावपट्टीचे ०४/२२ करावे लागले, जमीन तसूभर न हलता. इंधनाचेही तसेच. मघाशी सांगितलेल्या निळ्या इंधनात शिसे असते. कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीने आपल्या दोन विमानतळांवर शिसेयुक्त इंधनाची विक्री १ जानेवारी २०२२ पासून थांबवली, आणि त्याच दिशेने इतरही निघाले आहेत. आपला मसुदा तीस वर्षांसाठी ‘सध्याच्या प्रकारचे इंधन’ विकायचा हक्क देतो. उद्या ते बंद करावे लागले तर ठेकेदार भरपाई मागेल, आणि करारानुसार ती बरोबर असेल.

लांब मुदतीने ठेकेदार टिकतो, हेही खरे नाही. न्यूयॉर्क राज्याने स्ट्युअर्ट विमानतळ २००० साली एका ब्रिटिश वाहतूक कंपनीला ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिला. २००७ मध्ये त्या कंपनीने उरलेला भाडेपट्टा न्यूयॉर्क-न्यूजर्सीच्या बंदर प्राधिकरणाला विकून टाकला. म्हणजे ९९ पैकी सात वर्षे. इंग्लंडमध्ये ब्लॅकपूलच्या परिषदेने २००४ मध्ये आपल्या विमानतळातला बहुतांश हिस्सा विकला. २०१४ मध्ये तिथली नियमित प्रवासी सेवा बंद पडली, आणि २०१७ मध्ये परिषदेने तोच विमानतळ परत विकत घेतला. या दोन्ही ठिकाणी कुणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. धंद्याचे गणित बदलले आणि ते निघून गेले. मात्र गाव जागेवरच राहते, त्याला निघून जाता येत नाही. म्हणून मुदत पाच वर्षे, काम चांगले असेल तर आणखी पाच, आणि मोठी गुंतवणूक करून घ्यायची असेल तर तेवढ्यापुरता वेगळा करार. हँगर, म्हणजे विमाने ठेवायच्या शेड, पोटभाड्याने देताना पोटभाड्याची मुदत मूळ कराराच्या पुढे जाऊ नये. ही ओळ मसुद्यात नाही. नाही घातली तर ठेकेदार गेल्यावरही त्याचे भाडेकरू पुढची वीस वर्षे आपल्या उरावर असतील.

परवान्याचेही असेच. मसुदा म्हणतो, ‘आवश्यक ते सर्व परवाने ठेकेदार घेईल.’ ऐकायला बरे वाटते, कटकट गेली. पण विमानतळाचा परवाना ठेकेदाराच्या नावावर असेल तर ठेकेदार गेल्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे एक लांबलचक, सरळ, रिकामा रस्ता उरतो. नियामकाशी बोलून परवाना नगरपरिषदेच्या नावावर राहू शकतो का ते आधी विचारा. नसेल राहू शकत तर तो हस्तांतरित करायला ठेकेदार बांधील असल्याचे कलम घाला, आणि निविदा काढायच्या आधी घाला. नंतर त्याची किंमत लागते.

मग निवड कशावर? मसुद्यात सर्वाधिक वार्षिक भाडे देणाऱ्याला काम, असा सरळ हिशेब आहे. हा भाडेपट्ट्याचा हिशेब झाला. व्यवस्थापनाचा करार वेगळा असतो: उत्पन्न मालकाचे, खर्च मालकाचा, ठेकेदाराला ठरलेला मेहनताना आणि कामाप्रमाणे थोडे वरचे. आपल्या मसुद्यात दोन्हींची खिचडी आहे. उत्पन्न ठेकेदाराचे आणि जोखीम आपली. छोट्या विमानतळाचे उत्पन्न किती असते ते आपण सगळे जाणतो. जो मोठा आकडा लिहील तो ते पैसे कुठून काढणार? विमाने एकाएकी दुप्पट होणार नाहीत. तो पाहणीतून काढेल, भेगांतून काढेल, तिघांच्या जागी दोघांतून काढेल. मी त्या दोघांतला एक होतो म्हणून सांगतो. आपल्याला व्यवस्थापन करारच हवा आहे, हिशेबाच्या वह्या आपल्याला कधीही उघडता येतील अशा अटीवर.

विमा, लेखापरीक्षण, दंडाची कलमे मसुद्यात बरी आहेत, त्यावर बोलत नाही. सध्याच्या कामगारांबद्दल मात्र एक विनंती. धावपट्टीखालून जाणारे पाण्याचे नळ कुठे आहेत हे कुठल्याच नकाशावर बरोबर दाखवलेले नाही. ते फक्त दोन माणसांना ठाऊक आहे आणि दोघेही पुढच्या काही वर्षांत निवृत्त होतील. त्यांना ठेकेदाराच्या मर्जीवर सोडण्याआधी त्यांच्याबरोबर कुणालातरी रंगाचा डबा देऊन फिरवा.

काही गोष्टी ठेकेदार कितीही चांगला असला तरी करू शकत नाही, आणि मसुद्यात त्या चुकून त्याच्या यादीत पडल्या आहेत. पक्ष्यांचेच बघा. ठेकेदाराने गवत कापावे असे लिहिले आहे आणि किती वेळा कापले त्यावर पैसे. जास्त वेळा, जास्त खुरटे कापले की किडे उघडे पडतात आणि पक्षी उतरतात. ब्रिटनमध्ये गवत मुद्दाम १५ ते २० सेंटिमीटर उंच ठेवण्याची पद्धत याच कारणाने आली. म्हणजे आपण पैसे देऊन पक्षी बोलावणार. ते एक कलम बदलता येईल. पण कचरा डेपोचे काय? विमानतळापासून १३ किलोमीटरच्या आत उघडा कचरा टाकू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे. डेपो कुठे असावा हे ठेकेदार ठरवत नाही, आपण ठरवता. विमान उतरण्याच्या मार्गात उंच इमारतीला परवानगीही आपणच देता. या कामांत ठेकेदाराच्या बाजूने सभागृहात उभे राहून ‘हे देऊ नका’ म्हणणारा आपल्यातलाच कुणीतरी लागतो. तोही पान २७ वरचाच माणूस.

तो मोठा अधिकारी नसला तरी चालेल. किंबहुना नसावा, मोठे अधिकारी धावपट्टीवर चालत नाहीत. विमानतळाचे काम कळणारा, पूर्ण पगारी, दुसरा कुठलाही पदभार नसलेला एक माणूस. त्याचा पगार ठेक्याच्या रकमेत धरू नका, नाहीतर पहिल्या काटकसरीत तोच जाईल. असा माणूस मिळत नसेल तर निविदा सहा महिने पुढे ढकला आणि आधी त्याला शोधा. ज्याला बघणारे कुणी नाही असा ठेकेदार नेमण्यापेक्षा आजचा गलथानपणा परवडला, कारण तो निदान आपल्याला दिसतो तरी.

निविदापूर्व बैठक सभागृहात ठेवली आहे असे कळले. ती विमानतळावर घ्या, सकाळी, पहिल्या विमानाच्या आधी. इच्छुक येतील, एप्रनवर, म्हणजे विमाने उभी करायच्या फरसावर, उभे राहून छायाचित्रे काढतील, हँगर मोजतील, दरवर्षी किती विमाने येतात ते विचारतील. त्यात काही वावगे नाही. पण त्यांच्यात एखादा असा असेल जो कार्यालयात जाऊन मागच्या दोन वर्षांची पाहणीची नोंदवही बघायला मागेल आणि उभ्या उभ्या पाने उलटत बसेल. तो कोणत्या संस्थेकडून आला होता तेवढे टिपून ठेवा.

आपला,
लहान विमानतळांवरचा एक जुना कामगार